फलाटावरच्या पाट्या आणि मेनूतला एक शब्द

मुंबईत सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्यातल्या घरी बसून मी २००६ सालापासून वेबसाइट बनवते. वाचनालयं, शाळा, क्लास, पतपेढ्या, एखादं नाट्यमंडळ, असे माझे क्लायंट. या कामातली कितीतरी तंत्रं माझ्या डोळ्यांदेखत आली आणि गेली. पण सगळ्यात जास्त शिकवलं ते एका बारीकशा गोष्टीने. साइटच्या माथ्यावर मेनू असतो, त्यात पाच-सात शब्द असतात, आणि आपण ज्या विभागात आहोत तो शब्द बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसतो. एवढंच. तो नीट दिसत असेल तर कुणाचं तिकडे लक्षही जात नाही. तो दिसला नाही, किंवा भलताच शब्द उजळला, तर काय होतं हे मात्र मी फोनवर ऐकलंय आणि शेजारी बसून पाहिलंय. त्यातून जे हाती लागलं ते सांगते. तुमचं काम वेगळं असेल, तर तुमच्या कामातली अशी गोष्ट तुम्हाला आठवेलच.

१. ‘मी कुठे आहे’ असं सहसा कुणी विचारत नाही. माणसं गोंधळतात, थोडा वेळ इकडेतिकडे बोट लावून बघतात आणि निघून जातात. मला हे कळलं ते एका वाचनालयाच्या ग्रंथपाल काकांमुळे, कारण त्यांनी विचारलं. वाचनालय दोन दिवस बंद राहणार असल्याची नोंद त्यांनी ‘सूचना’ समजून ‘कार्यक्रम’ विभागात टाकली होती. सभासद ‘सूचना’ बघत राहिले आणि दोघं-तिघं बंद दारावरून परत गेले. काकांचा फोन आला, “ताई, मी आत्ता नेमका कशात आहे, सूचनांत की कार्यक्रमांत?” मी म्हटलं, “काका, वर नाव दिसतंय ना?” ते शांतपणे म्हणाले, “वर सगळीच नावं दिसतायत.”

खरंच होतं ते. सातही नावं एकाच निळ्या रंगात, एकाच जाडीची. मी मनाशी धरून चालले होते की माणूस मुखपृष्ठावरून आत येतो, स्वतः दाबून येतो, म्हणजे कुठे आला हे त्याला ठाऊक असणारच. प्रत्यक्षात बहुतेक जण कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या लिंकवरून किंवा गूगलवरून थेट आतल्या पानावर उतरतात. त्या संध्याकाळी सांताक्रूझ स्टेशनवर गाडीची वाट बघताना मी पहिल्यांदा पाट्यांकडे नीट पाहिलं. स्टेशनचं नाव फक्त प्रवेशाशी लिहून रेल्वे थांबलेली नाही. फलाटाच्या दोन्ही टोकांना आहे, मधे छताखाली ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा आहे. बारा डब्यांच्या गाडीत कोण कुठल्या खिडकीशी बसलंय हे कुणाला माहीत? डुलकीतून दचकून उठलेल्या माणसाला मान वळवली की नाव दिसलं पाहिजे. माझ्या साइटचं प्रत्येक पान म्हणजे अशी एक खिडकी होती, आणि बाहेर पाटी नव्हती.

२. ‘ॲक्टिव्ह’ या शब्दाने सुरुवातीला माझा बराच वेळ खाल्ला. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, लिंकच्या काही अवस्था असतात: न पाहिलेली, पाहिलेली, माउस वर आलेली, आणि ‘ॲक्टिव्ह’. नावावरून मला वाटलं, चालू पानाची लिंक म्हणजेच ही. मी तिला छान गडद रंग दिला आणि तपासलं, तर बोट दाबून धरलं तेवढ्यापुरता रंग दिसे आणि सोडलं की जाई. दोन दिवस मी ब्राउझरला दोष देत होते. त्या अवस्थेचा अर्थ ‘या क्षणी दाबली जात असलेली’ एवढाच आहे. आपण कुठल्या पानावर आहोत हे सीएसएस आपणहून ओळखत नाही. ते आपल्यालाच पानात लिहावं लागतं, आणि त्यासाठी जगभरचे डेव्हलपर जो क्लास, म्हणजे लिंकला चिकटवलेली नावाची चिठ्ठी, वापरतात त्याचंही नाव ‘ॲक्टिव्ह’च. नवीन मुलं माझ्याकडे शिकायला येतात तेव्हा मी हा फरक पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून देते. त्याला जोडून आणखी एक. माउस वर आल्यावर दिसणारा रंग आणि चालू विभागाचा रंग एकच ठेवू नये. तसा ठेवला तर माउस मेनूवरून फिरताना एका वेळी दोन शब्द उजळतात, आणि त्यातला खरा कोणता ते समजत नाही.

३. चुकीची खूण ही खूण नसण्यापेक्षा वाईट. सुरुवातीच्या काळी मी प्रत्येक पान हाताने लिहायचे. मेनूचा तुकडा एका पानातून उचलून दुसऱ्यात चिकटवायचा आणि ‘ॲक्टिव्ह’ क्लास योग्य शब्दावर सरकवायचा. एका शाळेच्या साइटवर मी प्रवेशाचं पान ‘आमच्याविषयी’ची नक्कल करून बनवलं आणि क्लास सरकवायचा राहिला. पानावर प्रवेश अर्जाची माहिती, वर उजळलेलं ‘आमच्याविषयी’. एका आईने शाळेत जाऊन सांगितलं की प्रवेशाचं पान उघडतच नाही. ती बरोबर पानावर येत होती, वरचा शब्द बघत होती आणि परत मागे जात होती. तिने मजकुरापेक्षा पाटीवर जास्त विश्वास ठेवला. कोणीही ठेवील.

त्यानंतर मी ही जबाबदारी माणसाच्या, म्हणजे माझ्या, लक्षात राहण्यावर सोडली नाही. तेव्हा एक सोपी युक्ती सगळीकडे वापरली जाई. प्रत्येक पानाच्या मुख्य भागाला विभागाचं नाव देऊन ठेवायचं, मेनू सगळीकडे सारखाच ठेवायचा, आणि दोघांची जोडी जुळली की तो शब्द उजळायचा. पुढे मेनू एकाच फाइलमध्ये आला आणि सर्व्हर पानाचा पत्ता बघून स्वतः ठरवू लागला. पत्ता खोटं बोलत नाही, असं मला तेव्हा वाटलं.

४. पत्ताही फसवतो, अर्धवट वाचला तर. एका शिकवणीच्या क्लासच्या दोन शाखा होत्या, एक सांताक्रूझ पश्चिमेला आणि एक पूर्वेला. पश्चिमेची आधीची म्हणून तिच्या पानाचा पत्ता नुसता ‘सांताक्रूझ’, आणि नंतरच्या शाखेचा ‘सांताक्रूझ-पूर्व’. माझा कोड विचारत होता, ‘पानाचा पत्ता या शब्दाने सुरू होतो का?’ पूर्वेच्या पानावर आलं की दोन्ही शाखा उजळत. पालक पश्चिमेच्या शाखेचा फोन नंबर लावून पूर्वेच्या बॅचची चौकशी करत होते.

सांताक्रूझमध्ये राहणाऱ्या बाईला हे आधी सुचायला हवं होतं. नाव सांताक्रूझने सुरू झालं म्हणजे जागा सांताक्रूझमध्ये असतेच असं नाही, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आमच्या शेजारीच आहे. १९७३ साली सुरू झालेल्या सीप्झमधला पहिला ‘एस’ सांताक्रूझचाच. पूर्ण नाव ‘सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन’. आणि ते आहे अंधेरी पूर्वेला. नवा माणूस सांताक्रूझला उतरून रिक्षावाल्याला सीप्झ विचारतो, ते याचमुळे.

तेव्हापासून मी पत्ता अक्षरांनी जुळवत नाही, तिरप्या रेघांमधल्या पूर्ण तुकड्यांनी जुळवते. आणि मुखपृष्ठाला वेगळा नियम लावते, कारण त्याचा पत्ता म्हणजे नुसती एक तिरपी रेघ, आणि साइटवरच्या प्रत्येक पत्त्याची सुरुवात त्या रेघेनेच होते. नियम वेगळा केला नाही तर ‘मुखपृष्ठ’ कायम उजळलेलं राहतं. रिॲक्टवर काम करणाऱ्यांनाही पूर्वी हे भोगावं लागे. तिथल्या राउटरमध्ये ‘एंड’ नावाची एक सोय मुद्दाम दिलेली आहे, ‘पत्ता इथेच संपत असेल तरच उजळ’ असं सांगण्यासाठी.

५. ‘इथे’ आणि ‘याच्या आत’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्डप्रेसवर काम करायला लागले तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं. जून २०१० मध्ये वर्डप्रेस ३.० बरोबर मेनूची नवी व्यवस्था आली, आणि तिने तयार केलेला मेनू उघडून पाहिला तर एकेका शब्दावर वेगवेगळे क्लास. ज्या पानावर आहोत त्याला ‘करंट-मेनू-आयटम’, त्याच्या थेट वरच्याला ‘करंट-मेनू-पेरेंट’, आणि त्याही वरच्यांना ‘करंट-मेनू-अँसेस्टर’. अगदी आई आणि पूर्वज. मी ‘कार्यक्रम’ विभागातल्या एका व्याख्यानाच्या पानावर असते तेव्हा ‘कार्यक्रम’ उजळायला हवाच, पण तो दाबून मला यादीकडे परतही जाता आलं पाहिजे. उलट मी यादीच्याच पानावर असेन, तर तोच शब्द दाबला की पान नुसतं पुन्हा उघडतं आणि काही घडलंच नाही असं वाटतं. आता मी नेमक्या पानाला भरीव पट्टी देते आणि वरच्या विभागाला फक्त रेघ. हा भेद वापरणाऱ्यांना समजावून सांगावा लागला असं एकदाही झालं नाही.

६. रंगावर भिस्त ठेवू नये, हे मला माझ्या मामांनी शिकवलं. एका पतपेढीचा मेनू मी गर्द हिरवा केला होता आणि चालू विभाग लालसर तपकिरी. मला दोन्ही रंग फार आवडले होते. मामांना दाखवलं तर ते म्हणाले, “छान आहे, पण मी कुठे आहे हे कसं ओळखायचं?” मी म्हटलं, रंग बघा ना. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला, आणि जरा ओशाळून म्हणाले की त्यांना हे दोन रंग सारखेच दिसतात, लहानपणापासून. चाळीस वर्षांची ओळख, आणि मला माहीत नव्हतं.

वेब सुगमतेची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २००८ साली दुसऱ्या आवृत्तीत आली, त्यांच्या अगदी पहिल्या पातळीवर हा नियम आहे: कुठलीही माहिती केवळ रंगातून सांगू नये. मी तो वाचला होता. मामांचा ओशाळलेला चेहरा पाहिल्यावर तो समजला. २०१८ च्या २.१ आवृत्तीत आणखी नेमकं सांगितलंय, की अशी रेघ किंवा पट्टी ही खूण असेल तर तिचा शेजारच्या रंगाशी कॉन्ट्रास्ट निदान ३ ला १ हवा. साध्या अक्षरांसाठी तो ४.५ ला १. फिकट राखाडीवर किंचित कमी फिकट राखाडी, हे डिझायनरच्या मोठ्या पडद्यावर देखणं दिसतं. दुपारी दीड वाजता फलाटाच्या उघड्या टोकाला, उन्हात फोन धरून उभ्या असलेल्या माणसाला त्यातलं काहीही दिसत नाही. मी आता प्रत्येक मेनू एकदा फोनवर घेऊन गच्चीत जाऊन बघते.

७. इंग्रजी मेनूसाठी केलेलं सगळं मराठीला चालत नाही. माझ्या कामातला हा सगळ्यात आवडता भाग, म्हणून जरा सविस्तर सांगते. इंग्रजीत चालू शब्द दाखवायला तीन-चार सोप्या वाटा आहेत: कॅपिटल अक्षरं, तिरपा ठसा, ठळक ठसा, अधोरेखन. देवनागरीत कॅपिटल नाहीतच. तिरपी अक्षरं म्हणजे बहुतेक वेळा ब्राउझरने ओढूनताणून वाकवलेली सरळ अक्षरं. उरलं अधोरेखन आणि ठळकपणा.

आता मराठी मेनूतला पहिला शब्द घ्या: ‘मुखपृष्ठ’. ‘म’खाली उकार, ‘प’खाली ऋकार, आणि ‘ष्ठ’ बऱ्याच फाँटांत एकाखाली एक रचलेला. या शब्दाखाली साधी अधोरेघ ओढली की ती या तिन्ही ठिकाणी अक्षरांना धडकते. आजचे ब्राउझर अक्षर आडवं आलं की रेघ तेवढी तोडतात. इंग्रजी ‘जी’ किंवा ‘वाय’च्या शेपटीशी ते बरं दिसतं. ‘मुखपृष्ठ’खाली मात्र तीन-चार तुटके तुकडे उरतात, जणू कुणी रेघ ओढता ओढता उठून गेलं. ‘सूचना’, ‘पुस्तकं’, ‘वृत्त’ यांचीही तीच गत. मग मी रेघ शब्दाला न लावता शब्दाच्या चौकटीला लावू लागले, उकारांना मोकळी जागा ठेवून, खाली. एकदा वाटलं, शिरोरेषा वर आहे तर खूणही वर द्यावी, ती आपल्या लिपीची चाल. करून पाहिलं. ‘कार्यक्रम’चा रफार आणि ‘नोंदणी’ची मात्रा, अनुस्वार वर येऊन टेकले. वरही तेवढीच जागा सोडली तेव्हा ते फारच सुंदर दिसलं, आणि दोन साइटवर मी ते तसंच ठेवलं आहे.

ठळकपणाचं दुखणं निराळं. लहान आकारात ‘क्ष’, ‘ष’, ‘ख’ यांच्या पोटातली जागा भरून जाते आणि अक्षराचा ठिपका होतो. शिवाय ठळक शब्द रुंद होतो, म्हणून शेजारचे शब्द ढकलले जातात आणि पान बदललं की सगळा मेनू हलतो. मी आता सर्वांत ठळक ठसा घेत नाही, मधला घेते. मुंबईच्याच ‘एक टाइप’ने केलेल्या ‘मुक्ता’ या फाँटमध्ये सात जाड्या आहेत, त्यामुळे ही निवड करता येते. आणि प्रत्येक शब्दामागे त्याच्याच ठळक रूपाएवढी जागा आधीच राखून ठेवते.

सुरुवातीच्या काळात निवड नव्हती. विंडोज २००० पासून मिळणारा ‘मंगल’ हाच आमचा आधार. तो करणारे र. कृ. जोशी. जुहूच्या एनसीएसटी या संगणक संशोधन संस्थेत, म्हणजे आजच्या सी-डॅक मुंबईत, त्यांनी भारतीय लिप्यांसाठी संगणकावरचं हे काम केलं. सांताक्रूझ पश्चिमेपासून ते ठिकाण रिक्षाने काही मिनिटांवर. मी कितीदा त्या रस्त्याने गेले असेन. ज्या अक्षरांत मी रोज काम करत होते ती इतक्या जवळ घडली, हे मला २००८ मध्ये ते गेल्याची बातमी वाचल्यावर समजलं. जाऊन एकदा भेटायला हवं होतं, असं अजून वाटतं.

८. मेनू ऐकलाही जातो. ही गोष्ट मला फार उशिरा समजली, आणि ज्या दिवशी समजली त्या दिवसाने माझी काम करण्याची पद्धत बदलली. एका ग्रंथसूचीच्या साइटची चाचणी घ्यायला एक दृष्टिहीन विद्यार्थिनी माझ्याकडे आली होती. तिने लॅपटॉप उघडला, एनव्हीडीए हा पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर सुरू केला आणि टॅब दाबत मेनूतून जाऊ लागली. “मुखपृष्ठ, लिंक. पुस्तकं, लिंक. लेखक, लिंक. सूचना, लिंक.” एका सुरात सातही. मी तिच्या शेजारी बसून पडद्यावर बघत होते. ‘लेखक’खाली माझी ठळक, ३ ला १ हून अधिक कॉन्ट्रास्टची, उकार सांभाळणारी रेघ होती. तिच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचत नव्हतं. ती म्हणाली, “लोकलमध्ये मला पुढचं स्टेशन कोणतं ते ऐकू येतं. इथे आत्ताचं कोणतं तेही कळत नाही.”

लोकलचं तिचं उदाहरण मी नंतर पुष्कळ वेळ मनात घोळवलं. ‘पुढील स्टेशन सांताक्रूझ’ हे डब्यात बोललं जातं आणि तेच पट्टीवर अक्षरांत सरकतं. एकच बातमी, कानाला आणि डोळ्याला.

उपाय एका शब्दाचा होता. वेबच्या सुगमतेसाठी ‘एरिया’ नावाचा एक मापदंड आहे. त्याची १.१ ही आवृत्ती १४ डिसेंबर २०१७ ला अंतिम झाली आणि तिच्यात ‘एरिया-करंट’ ही खूण आली. लिंकवर ती लावली आणि किंमत ‘पेज’ दिली की स्क्रीन रीडर लिंकच्या नावाबरोबर ‘करंट पेज’ असंही बोलतो. पानाखेरीज ती इतरत्रही चालते: अर्ज भरण्याच्या टप्प्यांत चालू पायरीला, दिनदर्शिकेत आजच्या तारखेला, वेळापत्रकात चालू वेळेला. वरच्या विभागाला, जिथे आपण ‘आत’ आहोत पण नेमके ‘तिथे’ नाही, मी तिची साधी ‘ट्रू’ ही किंमत देते.

मग मी एक पाऊल पुढे गेले, आणि हे प्रत्येक डेव्हलपरने करावं असं मला मनापासून वाटतं. ‘ॲक्टिव्ह’ क्लास मी काढूनच टाकला. रेघ, पट्टी, ठसा, जे काही दिसायचं ते थेट ‘एरिया-करंट’वरच लिहिलं. आता ती खूण लावायची राहिली तर मलाही काही दिसत नाही आणि मी लगेच दुरुस्त करते. डोळस माणसाला एक आणि अंध माणसाला दुसरं, असं आता होऊ शकत नाही. पानाची भाषा मराठी आहे हेही सांगून ठेवते, म्हणजे आवाज ‘पुस्तकं’ नीट उच्चारतो.

एनव्हीडीए फुकट मिळतं. मायकल करन या ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये ते सुरू केलं, पुढे जेम्स टेह त्याला येऊन मिळाला, दोघंही दृष्टिहीन. म्हणजे मी पहिली साइट बनवली त्याच वर्षी. माझं काम ऐकून बघायचं साधन इतकी वर्षं हाताशी होतं आणि मी ते वापरलं नव्हतं. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा झाला, सरकारी संकेतस्थळांसाठी तर २००९ पासून मार्गदर्शक सूचना आहेत. पण मला कायद्याने भाग पाडलं नाही. त्या मुलीच्या एका वाक्याने पाडलं.

९. लांबच लांब एकाच पानावर ‘आत्ता’ कोणतं, हे ठरवणं अवघड. हल्ली बऱ्याच छोट्या संस्थांना एकच पान हवं असतं: वरून खाली सरकत जायचं आणि मेनूतला शब्द आपोआप बदलत जायचा. पूर्वी त्यासाठी पान सरकताना दर क्षणी मोजमाप करावं लागे आणि साधे फोन अडखळत. २०१६ पासून ब्राउझरमध्ये ‘इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर’ येऊ लागला आणि कुठला भाग पडद्यावर आला ते ब्राउझरच सांगू लागला. तरी प्रश्न उरतोच. दोन विभाग अर्धे अर्धे दिसत असतील तर चालू कोणता? मी पडद्याच्या वरून साधारण एक तृतीयांशावर एक मनातली रेघ ठरवते. तिच्यावर जो विभाग असेल तो चालू, कारण वाचणाऱ्याची नजर तिथेच असते. शेवटचा ‘संपर्क’ विभाग एवढासा असतो की तो त्या रेघेपर्यंत पोचतच नाही, म्हणून पान तळाला टेकलं की तो उजळायचा, असा वेगळा नियम.

एकदा ‘संपर्क’ दाबल्यावर पान सरकत खाली जाताना मधले पाचही शब्द एकामागोमाग लुकलुकले. क्लायंटला ते आवडलं. मला फास्ट गाडी आठवली. फास्ट लोकल सांताक्रूझला थांबत नाही. खिडकीतून नावं सर्रकन जातात, त्यातलं एकही वाचून उपयोग नसतो. पान थांबेपर्यंत काही उजळायचं नाही, असं मी करून घेतलं आणि क्लायंटला कारण सांगितलं. त्यांनी ऐकलं.

१०. फोनवर मेनू मिटलेला असतो, आणि त्याच्याबरोबर उत्तरही मिटतं. तीन आडव्या रेघा दाबल्याशिवाय चालू विभाग दिसत नसेल, तर तो दिसत नाही असंच धरावं. भुयारी मेट्रोचंच बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या मेट्रो ३ चा आरे ते बीकेसी टप्पा सुरू झाला आणि सांताक्रूझला भुयारी स्टेशन मिळालं. या मार्गावरच्या २७ पैकी २६ स्टेशनं जमिनीखाली आहेत. खिडकीबाहेर पूल नाही, ओळखीची इमारत नाही, काळोखच. तिथे पाटी आणि घोषणा यांवरच सगळं. फोनचा पडदा तसाच. मी आता त्या तीन रेघांच्या शेजारीच चालू विभागाचं नाव लिहिते.

आणि ते नाव सर्व्हरवरून पानाबरोबरच यावं, मागाहून जावास्क्रिप्टने उजळू नये. हे मला पावसाने शिकवलं. आमच्या भागाचं नाव देशभर पोचलं ते पावसाच्या आकड्याने. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. आजही मुसळधार पावसात इथला मिलन सबवे तुंबतो, नेटवर्क रडतं, आणि नेमक्या त्याच वेळी पालक शाळेच्या साइटवर सुट्टीची सूचना शोधत असतात. अशा एका सकाळी मी स्वतः माझीच एक साइट उघडली. मजकूर आला, स्क्रिप्टची फाइल आलीच नाही. मेनूत सातही शब्द सारखे. काकांचं वाक्य आठवलं, ‘वर सगळीच नावं दिसतायत.’

११. नावच चुकलं असेल तर उजळून उपयोग नाही. ‘इतर’, ‘विविध’, ‘अधिक’ हे शब्द कितीही ठळक केले तरी कुणाला कुठे आहोत ते कळत नाही. मी असे शब्द मेनूत ठेवू देत नाही.

ग्रंथपाल काका निवृत्त झाले. त्यांच्या वाचनालयाचा मेनू मी तीनदा नव्याने केला, आणि दर वेळी आधी त्यांना दाखवला.

तुम्ही एखाद्या शाळेची, मंडळाची, वाचनालयाची साइट सांभाळत असाल, तर आज एक करा. साइटच्या आतल्या कुठल्याही पानाची लिंक घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला फोनवर पाठवा आणि विचारा, ‘तुम्ही आत्ता कुठल्या विभागात आहात?’ त्यांना उत्तर देता आलं नाही तर त्यांना काही समजावू नका. मेनू दुरुस्त करा.